आभाळ स्वस्त, रस्ता महाग

विमानाचा इतिहास लिहिणाऱ्या मंडळींनी एका गोष्टीकडे साफ काणाडोळा केला आहे. पहिले विमान कुणी उडवले, समुद्र कुणी ओलांडला, कोण किती उंच गेला, हे सगळे त्यांनी तारीखवार लिहून ठेवले आहे. पण विमान उतरल्यावर आत बसलेला माणूस घरी कसा गेला आणि त्याला किती पैसे पडले, याबद्दल कुणी अक्षर काढत नाही. बी.कॉम. होऊन वीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा हिशेब अर्धवट वाटतो. जमेची बाजू सुवाच्य अक्षरात लिहिली आणि नावेची कोरी ठेवली, तर आमच्याकडे मेमो मिळतो.

राइट बंधूंना हा प्रश्न पडला नाही, हे खरे. १७ डिसेंबर १९०३ ला त्यांनी जे पहिले उड्डाण केले ते १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे होते. म्हणजे आमच्या चाळीच्या जिन्यापासून सामाईक नळापर्यंत जेवढे अंतर, साधारण तेवढे. परत यायला चार पावले चालले की झाले. विमान उतरल्यावर ठिकाणावर पोचण्याचा इतका स्वस्त प्रवास पुढे कुणाच्याही नशिबी आलेला नाही.

त्यानंतर विमाने मोठी झाली, त्यांचा आवाज वाढला, त्यांना धावायला मैल-मैल लांबीच्या पट्ट्या लागू लागल्या. एवढी मोकळी जागा गावात कुठून मिळणार? साहजिकच विमानतळ गावाबाहेर गेले. लग्न ठरवताना मुलाकडचे सांगतात ना, ‘घर जरा आत आहे, पण हवा छान आहे’, तशातली ही गत. हवा छान असते हो, पण त्या ‘जरा आत’ला रिक्षावाला किती घेतो ते लग्नानंतर कळते.

मुंबईचेच पाहू. जुहूचा विमानतळ १९२८ साली सुरू झाला. नागरी वाहतुकीसाठी देशातला तो पहिला. गंमत म्हणजे त्याच १९२८ सालच्या जानेवारीत कुलाबा ते बोरिवली अशी विजेवरची लोकल धावू लागली. जुहूपासून पार्ल्याचे स्टेशन मैल-दीड मैलावर. एकाच वर्षी जन्मलेली, हाकेच्या अंतरावर वाढलेली ही दोन भावंडे. पण रेल्वेचा डबा मुंबईत विमानतळाच्या दारात जाऊन उभा राहायला २०२४ साल उजाडावे लागले. शहाण्णव वर्षे! भाऊबंदकीच्या दाव्यांचे निकालसुद्धा याच्या आधी लागतात.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन निघाले, वाटेत अहमदाबादला टेकले आणि जुहूला उतरले. भारतातल्या हवाई वाहतुकीची सुरुवात ती. या प्रसंगातले विमान सर्वांच्या लक्षात राहिले. माझ्या लक्षात राहिली ती अहमदाबादची बैलगाडी. तिथे विमानात भरायचे पेट्रोल चार-चार गॅलनच्या डब्यांतून आले ते बैलगाडीवरून. म्हणजे आपल्याकडे विमानतळापर्यंतची पहिली नोंदलेली वाहतूक बैलांनी केली आणि ती वेळेवर पोचली. पुढच्या शंभर वर्षांत आपण या बाबतीत बैलांच्या फार पुढे गेलो, असे काही मला वाटत नाही.

पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी साचे, म्हणून त्या दिवसांत टाटांची विमाने पुण्याहून ये-जा करीत. पुढे महायुद्धाच्या काळातला सांताक्रूझचा लष्करी विमानतळ नागरी वाहतुकीला मिळाला. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हा करीत लंडनला निघाले. ही ८ जून तारीख लक्षात ठेवा, तिच्याशी पुढे काम आहे.

त्या काळी विमानाने जायचा तो संस्थानिक, नाहीतर मोठा व्यापारी, नाहीतर मंत्री. त्यांना न्यायला मोटारी यायच्या. ज्यांच्याकडे मोटार नसेल त्यांच्यासाठी टॅक्सी होती. पुढे नरिमन पॉइंटच्या एअर इंडियाच्या इमारतीपाशी विमानतळाची कोच बसही सुटत असे. विमानतळ बांधणाऱ्यांनी मनाशी एक हिशेब पक्का केला होता : जो तिकिटाला एवढे पैसे मोजतो तो टॅक्सीला काय मोजणार नाही? वाणिज्य शाखेत पहिल्या वर्षाला सुद्धा असे उत्तर लिहिले तर गुण कापतात. एका वस्तूला जास्त पैसे मोजलेल्या माणसाकडे दुसऱ्या वस्तूसाठी कमी उरतात, हे आमच्या घरात सातवीतल्या मुलीलाही कळते. पण या एका चुकीच्या बेरजेवर सगळ्या शहराचा रस्ता आखला गेला. टॅक्सीला दारापाशी मान, आणि बसचा थांबा भिंतीपलीकडे, नाक्यावर, विचारत विचारत जावे लागेल असा.

सगळीकडे असेच होते म्हणावे तर तसेही नाही. बर्लिनच्या टेम्पलहोफ विमानतळापाशी १९२७ सालीच भुयारी रेल्वेचे स्टेशन झाले होते. लंडनजवळच्या गॅटविकला १९३६ साली नवी इमारत बांधली, तेव्हा रेल्वे स्टेशनातून थेट विमानतळात जायला आच्छादलेला बोगदाच ठेवला. साहेबाला पावसाची धास्ती आपल्यापेक्षा जास्त! टोकियोत १९६४ च्या ऑलिंपिकच्या तोंडावर हानेडा विमानतळापर्यंत मोनोरेल सुरू झाली. हीथ्रोला १९७७ च्या डिसेंबरात पिकॅडिली लाइनची भुयारी गाडी पोचली, तिच्या उद्घाटनाला राणी एलिझाबेथ स्वतः आली होती. पुढे १९९८ साली त्याच हीथ्रोहून ‘हीथ्रो एक्सप्रेस’ नावाची दुसरी गाडी निघाली. ती पॅडिंग्टनला पंधरा मिनिटांत पोचवते आणि त्याचे पैसेही सणसणीत घेते. पिकॅडिली तासाभरात पोचवते आणि बरेच कमी घेते. मुलाकडे लंडनला गेलेली आपली मराठी मंडळी कुठल्या गाडीने जातात हे मी सांगायला नकोच. तासभर वाचवून तिथे करायचे काय? नातवाला तर शाळेतून चार वाजता आणायचे असते.

आता पुन्हा मुंबईत येऊ. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्या संपाबरोबर आमच्या डिलाईल रोडच्या चाळीतल्या निम्म्या घरांचा पगारही थांबला. माझा मामा गिरणीत फिटर होता. तो आखातात गेला. त्या काळात चाळीतून एक माणूस आखातात निघाला की त्याला पोचवायला अकरा माणसे सहारला जायची. सहारचे नवे टर्मिनल तेव्हा नुकतेच सुरू झाले होते. जाणारा माणूस, त्याची आई आणि दोरी बांधलेली बॅग एवढी ऐवजदार मंडळी टॅक्सीने. बाकीचे नऊ जण लोकलने अंधेरी आणि तिथून बसने. म्हणजे सहारला जायचा स्वस्त रस्ता आखातात जाणाऱ्याला ठाऊक नसे, पोचवायला येणाऱ्याला पाठ असे. या ज्ञानाचा पुढे उपयोग होईल असे तेव्हा कुणालाच वाटले नव्हते.

मामा पहिल्यांदा परत आला तो १९८९ साली. पत्रात त्याने महिना कळवला होता, दिवस कळवला नव्हता. एका सकाळी आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती, आणि खाली स्टेशनच्या बाजूने एक माणूस दोन्ही हातांत दोन बॅगा घेऊन चालत येताना तिला दिसला. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. मला वाटले आई आनंदाने ओरडेल. तिने आधी शेजारच्या गॅलऱ्या पाहिल्या. सगळ्या गॅलऱ्यांत माणसे उभी होती. मामा जिना चढून आला तेव्हा तिचे डोळे भरले होते, पण पहिले वाक्य निघाले ते असे :

“अरे, सात वर्षांनी परदेशातून आलास आणि चालत आलास? लोक काय म्हणतील?”

“चालत नाही गं ताई. सहारहून बसने अंधेरी, अंधेरीहून लोकल. फास्ट लोअर परळला थांबत नाही, म्हणून स्लो पकडली.”

“टॅक्सी नव्हती का एकही?”

“होत्या की! दहा जणांनी हात धरला. सामान उतरवणाऱ्या पोराला विचारलं, तो म्हणाला, मी पण अंधेरीलाच जातोय, चला माझ्याबरोबर.” मग मामाने खिशातून पैसे काढून तिच्या हातावर ठेवले. “टॅक्सीवाला मागत होता तेवढे आहेत. यात तुझी गॅसची शेगडी येते का बघ.”

शेगडी आली. दोन बर्नरची. पण आई कितीतरी दिवस शेजारणींना सांगत होती, की त्या दिवशी टॅक्सीवाल्यांचा संप होता म्हणून. संपाने गिरणी बंद केली, तशी एक लाजही झाकली. मला वाटते, विमानतळावरून गावात जाण्याचा जो इतिहास मी म्हणतो आहे तो इथे आहे. भाड्याचा आकडा हा त्यातला अर्धाच भाग. उरलेला अर्धा म्हणजे गॅलरीत उभी असलेली माणसे. विमानाने आलेल्याने बसने जाऊ नये, असा कायदा कुठल्याच सरकारने केला नव्हता. तो आपण आपल्यावर लादून घेतला होता आणि त्याचे भाडे टॅक्सीला देत होतो.

टॅक्सीबद्दल मात्र माझ्या मनात आकस नाही. ती काळीपिवळी फियाट आठवली की अजून गहिवरून येते. मुंबईच्या रस्त्यांवरून ती २०२३ च्या ऑक्टोबरात कायमची गेली. तिचे ते घड्याळासारखे मीटर तर आम्हा बँकवाल्यांना फार जवळचे. मीटरवर एक आकडा, कार्डावर दुसरा आणि ड्रायव्हरच्या तोंडी तिसरा. या तिन्हींचा मेळ घालणे याला आमच्याकडे रिकन्सिलिएशन म्हणतात आणि मार्चअखेरीस त्यासाठी ओव्हरटाइम मिळतो. टॅक्सीत तो आपणच द्यावा लागे.

रिक्षा स्वस्त, पण तिला सरहद्द आहे. मुंबईत रिक्षा उपनगरातच चालते. पश्चिमेला वांद्रे आणि पूर्वेला सायन आले की तिचे राज्य संपते, पुढे टॅक्सीचे. विमानतळ पडला रिक्षाच्या राज्यात आणि कचेऱ्या, मोठी इस्पितळे, मंत्रालय पडले टॅक्सीच्या राज्यात. म्हणून जाणत्या माणसाची युक्ती ठरलेली. सांताक्रूझला उतरायचे, रिक्षाने पार्ले स्टेशन पूर्व गाठायचे आणि चर्चगेटची लोकल पकडायची. पार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना होता तोवर, म्हणजे २०१६ पर्यंत, या वाटेवर भाजत्या बिस्किटांचा वास फुकट मिळायचा. कुठल्या विमानात इतका चांगला नाश्ता मिळतो?

या युक्तीत एकच अडचण, घड्याळाची. सकाळी नऊच्या विमानाने उतरून सव्वादहाच्या लोकलला बॅग घेऊन चढणे, यापुढे समुद्र ओलांडणे काहीच नाही. अशा वेळी अनुभवी माणूस सामानाच्या डब्यात शिरतो. तिथे कोळणींच्या पाट्या, डबेवाल्यांच्या लाकडी परड्या, फुलांचे भारे आणि मध्ये आपली चाकांची बॅग, तिच्या मुठीला विमान कंपनीची पांढरी चिठ्ठी लटकलेली. ही चिठ्ठी मध्यमवर्गीय माणूस स्वतःहून फाडत नाही. ती आपोआप झिजून पडेपर्यंत, गणपतीला गावी जातानासुद्धा, बॅगेवर असते. मी एका कोळणीला ती चिठ्ठी वाचण्याचा प्रयत्न करताना पाहिले आहे. “इमानातून आला काय रं?” तिने बॅगवाल्याला विचारले. तो हो म्हणाला. “मंग जरा सरक. इमानात बसाया मिळालं असंल ना?” ती म्हणाली आणि पाटी टेकवून बसली. न्याय झाला.

खरा उलटफेर झाला तो २००३ नंतर. कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन सुरू झाली, आणि पुढे तर काही जागांचे तिकीट एक रुपयाला निघाले. कर वेगळे होते, पण रुपया तो रुपया. ज्या पैशात तेव्हा बेस्टची बससुद्धा आपल्याला चढू देत नव्हती, त्या पैशात विमान न्यायला तयार झाले! पुढे इतर कंपन्याही स्वस्त तिकिटे घेऊन उतरल्या. विमानात बसणारा माणूस बदलला. पेन्शनर आले, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला निघालेली पोरे आली, केमोथेरपीसाठी टाटा रुग्णालयात येणारी माणसे आली. पण विमानतळाबाहेरचा रस्ता अजून संस्थानिकांसाठीच आखलेला. तासभराच्या आकाशप्रवासापेक्षा शेवटच्या वीस-पंचवीस किलोमीटरना जास्त पैसे पडू लागले. आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी मागणी आणि पुरवठ्याची वक्ररेषा फळ्यावर कितीदा काढली असेल, पण हा प्रकार त्यांच्या खडूतून कधी उतरला नव्हता.

बँकेतही हा प्रश्न आमच्या टेबलावर यायचा. बाहेरगावी जाऊन आलेल्या अधिकाऱ्यांची प्रवासाची बिले काही काळ माझ्या हाताखालून जात. विमानाचे तिकीट चार हजारांचे असो की सहा हजारांचे, छापील कागद जोडला की एका फटक्यात मंजूर. पण त्याखाली ‘विमानतळ ते स्टेशन, रिक्षा, रुपये ६०’ असे लिहिले की वरिष्ठ चष्मा पुसायचे. “पावती?” रिक्षाची पावती कुठून आणणार? बिल परत. मग तो शहाणा अधिकारी पुढच्या खेपेला सहाशेची टॅक्सी करायचा, तिची छापील पावती आणायचा आणि बिल मंजूर. साठ रुपयांवर संशय आणि सहाशेवर विश्वास, हा नियम फक्त आमच्याच बँकेत होता असे समजू नका. देशाच्या निम्म्या टॅक्सी त्यावर चालल्या आहेत.

मग आली मेट्रो. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो सुरू झाली ८ जून २०१४ ला. हो, तीच ती ८ जून! लंडनला पहिले विमान गेले त्याला त्या दिवशी बरोबर ६६ वर्षे झाली. या मेट्रोवर एक स्टेशन होते ‘एअरपोर्ट रोड’. नाव वाचून कितीतरी माणसे बॅगा घेऊन तिथे उतरली असतील. पण भारतीय रेल्वेची परिभाषा ज्याला कळते तो फसत नाही. आपल्याकडे गावाच्या नावापुढे ‘रोड’ आला की समजावे, गाव इथे नाही, गावाला जाणारा रस्ता इथे आहे. नाशिक रोड, वसई रोड, सावंतवाडी रोड. सावंतवाडी रोडला उतरून मोती तलाव शोधणारा माणूस आणि एअरपोर्ट रोडला उतरून विमान शोधणारा माणूस, दोघांनाही शेवटी रिक्षावालाच भेटतो.

दहा वर्षांनी, ७ ऑक्टोबर २०२४ ला, भुयारी मेट्रो तीनचा आरे ते बीकेसी हा पहिला टप्पा लोकांसाठी खुला झाला आणि दोन्ही टर्मिनलांच्या नावाची स्टेशने मिळाली. या खेपेला नावापुढे ‘रोड’ नव्हता. १० मे २०२५ ला गाडी वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत गेली आणि पाच महिने तिथेच थांबली. विमानतळाहून निघालेली गाडी आचार्य अत्र्यांपाशी येऊन थांबते, यात मला तरी नवल वाटले नाही. अत्र्यांसमोरून पुढे जायची छाती कुणाला होणार? ऑक्टोबर २०२५ मध्ये तिने धीर केला आणि हुतात्मा चौक, चर्चगेट करीत कफ परेड गाठली. एकूण साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्टेशने. उघडली तेव्हा या टोकापासून त्या टोकापर्यंतचे भाडे ७० रुपये होते. रिक्षाची सरहद्द जमिनीखाली कुणी पाळत नाही, हा या गाडीचा सगळ्यात मोठा गुण.

नुसती गाडी आणून भागत नाही, तिचे भाडेही खिशाला सोसावे लागते. हे दिल्लीकरांकडून शिकावे. तिथे विमानतळाची वेगळी एक्सप्रेस मेट्रो २०११ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. गाडी देखणी, वातानुकूलित, वीसेक मिनिटांत नवी दिल्ली स्टेशन. पण भाडे चढे. मध्यंतरी तांत्रिक बिघाडामुळे ती काही महिने बंदही होती. २०१३ साली चालवणाऱ्या खाजगी कंपनीने हात वर केले आणि ती दिल्ली मेट्रोकडे आली. त्यांनी २०१४ आणि २०१५ साली दोनदा भाडे उतरवले, दुसऱ्या खेपेनंतर सर्वांत जास्त भाडे ६० रुपये राहिले. प्रवासी वाढले. गाडी तीच, रूळ तेच, विमानतळ तोच. कोलकात्याने आणखी वेगळी तऱ्हा केली. विमानतळापर्यंत रेल्वे २००६ साली नेली, २०१६ साली ती बंद केली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये मेट्रो आणली. बेंगळुरूचा नवा विमानतळ २००८ साली गावापासून पस्तीसेक किलोमीटरवर गेला, पण त्याच्याबरोबर वातानुकूलित ‘वायु वज्र’ बस धावू लागल्या. विमानतळ लांब असण्याचे दुःख नसते. लांब असून बस नसली की दुःख.

आता कुणी मला विचारले, की काय हो, विमानतळावरून स्वस्तात कसे जायचे, तर मी उलट तीन प्रश्न विचारतो. सामान किती? वाजले किती? आणि घरी वाट कोण पाहते आहे? दोन्ही हात मोकळे असतील इतकेच सामान असेल आणि दिवस असेल, तर मेट्रो. रात्री दीडला उतरलात तर मेट्रोही झोपलेली असते आणि लोकलही. मग मीटरची टॅक्सी किंवा आतल्या खिडकीवर आधी पैसे भरून मिळणारी. किंवा पहाटेपर्यंत तिथल्या खुर्चीवर बसून राहणे. त्यात झोप जाते, पण पैसे राहतात. घरी आजारी माणूस असेल तर हिशेब करू नये, दिसेल ते वाहन घ्यावे. काटकसर ही सवय चांगली, पण ती उंबरठ्याच्या अलीकडे सोडता आली पाहिजे.

मी स्वतः डोंबिवलीचा. आमच्या गावाला विमानतळ जेवढा लांब तेवढीच स्वस्ताईची गरज जास्त. टर्मिनल दोनवर मेट्रो तीन पकडायची, लगेचच्या मरोळ नाक्याला उतरून मेट्रो एकमध्ये बसायचे, घाटकोपर गाठायचे आणि तिथून मध्य रेल्वेची लोकल. तीन गाड्या, दोन जिने आणि एक पूल. सगळे मिळून पन्नास रुपयांच्या आसपास. घाटकोपरला संध्याकाळी चढता आले तर ठीक, नाहीतर पुढची. पुढची असतेच, हे लोकलचे ब्रीद.

हा रस्ता मला पहिल्यांदा कुणी दाखवला असेल? माहितीच्या खिडकीतल्या टाय लावलेल्या तरुणाने नव्हे. त्याने मला मोटारी भाड्याने देणाऱ्या तीन काउंटरांची नावे सांगितली, इंग्रजीत आणि अदबीने. रस्ता सांगितला तो पाळी संपवून निघालेल्या एका सफाईवाल्या मावशींनी. त्या मानखुर्दला राहत होत्या. “माझ्या मागनं या दादा,” म्हणाल्या आणि सरकत्या जिन्याच्या बाजूने निघाल्या. मामाला सामान उतरवणाऱ्या पोराने सांगितले, मला मावशींनी. मुंबईच्या विमानतळावर रोज हजारो माणसे कामाला येतात आणि घरी जातात. झाडणारे, ओझी उचलणारे, जेवणाचे ट्रे भरणारे. त्यातला एकही माणूस टॅक्सीने येत नाही. स्वस्त रस्ता पहिल्या दिवसापासून तिथे होताच. फक्त तो वर्दीतल्या माणसांचा होता आणि तिकिटवाल्याने तो विचारायची पद्धत नव्हती.

८ ऑक्टोबर २०२५ ला एकाच दिवशी दोन उद्घाटने झाली. मेट्रो तीनचा कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा, आणि नवी मुंबईचा नवा विमानतळ. जुन्या विमानतळाला गावाच्या टोकापर्यंत नेणारी गाडी मिळाली, त्याच दिवशी नवा विमानतळ मेट्रोशिवाय उघडला. नाताळच्या दिवशी तिथून विमाने सुरू झाली. मुंबईहून तिकडे जायला अटल सेतू आहे, पण त्यावर रिक्षाला आणि दुचाकीला मज्जाव आणि मोटारीला टोल. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! मेट्रो येईल, तिचे आराखडे आहेत. आराखड्याचे आणि आमचे नाते जुने आहे.

पण या खेपेला एक फरक पडेल असे मला वाटते. आमच्या चाळीच्या जागी आता बावीस मजली इमारत उभी आहे आणि तिला गॅलऱ्याच नाहीत. कोण कशातून उतरला हे वरून बघायला कुणी उभे नसते. लोअर परळची पोरे विमानातून उतरून मेट्रोत शिरतात, कानाला यंत्र लावून बसतात आणि विज्ञान केंद्राच्या स्टेशनला उतरून चालू लागतात, त्यात त्यांना कसलाच संकोच वाटत नाही. मामाला हे सांगितले तेव्हा तो पंच्याहत्तरीचा होता. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “बरं झालं. पण बॅगेला चाकं आहेत ना आता? मग त्यात काय मोठंसं!”